आपल्या कवितेतला वणवा

यंदाच्या जयंतीला बोईसरच्या आमच्या वस्तीत कार्यक्रम झाला, त्यात मी एक कविता वाचली. नाव 'वणवा'. बावीस ओळी. पहिल्या दहा ओळींत अन्याय, पुढच्या सातांत ठिणगी, आणि शेवटच्या पाचांत सगळं रान पेटतं नि त्या ज्वाळांतून नवा माणूस चालत येतो. टाळ्या पडल्या. एकाने शिट्टी मारली. मला बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही?

परत येताना माझ्या खात्यातला सोबती बरोबर होता. तो वारली, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा. आम्ही दोघं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडगिरणीत एकाच पाळीला साच्यावर असतो. शेदोनशे पावलं तो गप्प चालला, मग म्हणाला, "चांगली होती. पन रान कुनाचा पेटवला?"

मी म्हटलं, अरे, ते प्रतीक आहे.

"असंल. आमच्यात वणवा आला का मोह जातो."

एवढंच बोलला आणि घराकडे वळला. दहावीनंतर मी शाळा सोडली. समीक्षा कशी लिहितात ते मला कुणी शिकवलं नाही. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर जेवढं कळलं तेवढं कळलं. पण माझ्या कवितेची याहून खरी समीक्षा आजवर कुणी केलेली नाही. तेव्हा मित्रांनो, हा लेख म्हणजे त्या एका प्रश्नाचं ओझं. माझ्या एकट्याच्याच डोक्यावर का असावं? आपले जुने-नवे अंक काढून बघा. आग, ठिणगी, सूर्य, ज्वालामुखी, वणवा. ज्याच्या कवितेत यातला एकही शब्द नाही असा कवी आपल्यात शोधावा लागेल.

आधीच्या पिढीला मी दोष देत नाही. त्यांच्या कवितेतली आग उसनी नव्हती. १९७२ साली पँथर उभी राहिली, त्याच साली महाराष्ट्रात दुष्काळाने माणसं गावं सोडत होती. १९७८ च्या जुलैत नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जाळली गेली. ज्याच्या झोपडीवर रॉकेल पडलं त्याने ती आग शब्दांत धरून परत फेकली, तर तो त्याचा हक्क होता. नाकाला जळक्या कुडाचा वास असताना लिहिलेला 'आग' हा शब्द वेगळा असतो. मी २००० नंतर जन्मलो. माझा वणवा मी पुस्तकातून उचलला. खरा वणवा मी पाहिलेला नव्हता. साला, ज्या गोष्टीचा वासही घेतला नाही तिच्यावर बावीस ओळी लिहिल्या.

खरं तर आगीची भीती मला पोटासाठी शिकावी लागली आहे. साच्याखाली कापसाचा भुगा साठतो, तो एका ठिणगीने भडकतो. म्हणून बिडीकाडी गेटवर काढून ठेवायची. आठ तास मी आगीला जपतो आणि खोलीवर येऊन रान पेटवतो. हा विनोद माझ्या लक्षात यायला गंजाडचा सोबती लागला.

पुढच्या सुट्टीला तो मला घरी घेऊन गेला. बोईसरहून वाणगाव, मग डहाणू रोड, तिथून पूर्वेला. एप्रिलचा शेवट. साग उघडा पडलेला, पायाखाली पाचोळ्याचा थर. घराच्या अंगणात त्याच्या आईने मोहाची फुलं वाळत घातली होती. मावशी म्हणाल्या, यंदा कमी मिळाली. वरच्या अंगाला वणवा फिरला होता. झाडं मेली नव्हती, पण फुलं गळायच्या दिवसांत बुंध्याखालून आग गेली, की वेचायला राख उरते. मोह वाळवून विकला की मीठमिरची, तेल, पोराचा दवाखाना. माझ्या कवितेत जे रान पेटून नवा माणूस बाहेर येतो, त्या रानात मावशींची टोपली होती.

संध्याकाळी पाण्याला निघालो. ओढा कोरडा. वाळूत हातभर-दोन हात खणलेला झिरा, त्यात पाणी वाटीवाटीने जमतं. बायका बसून राहतात, वाटी भरली की हंड्यात ओततात. मी मावशींना विचारलं, इकडे दुष्काळ कधी पडला होता? त्यांना प्रश्नच कळला नाही. पाऊस तर दरसाल पडतो, म्हणाल्या.

पडतोच. डहाणूत वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माझ्या आज्याचं गाव बीडकडचं, तिथे ७०० च्या आत. आकड्यांनी बघाल तर मावशींच्या दारात तिप्पट पाणी. पण तो पाऊस चार महिन्यांत कोसळतो, खाली काळा कातळ, उतार पश्चिमेचा. पाणी धावत समुद्राला जातं आणि मार्चनंतर वाळू उरते. आणि जे अडवलं आहे ते कुठे जातं? सूर्या नदीवर धामणीचं धरण आहे. ते पाणी वसई-विरारला जातं आणि आमच्या तारापूरच्या वसाहतीलाही येतं. गिरणीत सूत धुवायला, रंगवायला पाणी लागतं. मी विणलेल्या कापडात सूर्येचं पाणी आहे, हे मला झिऱ्यावर बसून कळलं. तोवर ते माझ्यासाठी नळाचं पाणी होतं.

भुकेचंही तसंच. दुष्काळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेली काळी जमीन, हाडं निघालेला बैल, आभाळाकडे बघणारा म्हातारा. इथे भूक पावसात येते. मागचा दाणा संपलेला, नवं भात शेतात हिरवं, मजुरी बंद, ओढ्यांना पूर. म्हणून तर पावसाळ्यात खावटी घ्यायची, सावकाराकडून किंवा सरकारकडून. १९९२ साली शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं कुपोषणाने गेली. ती काही उन्हाच्या मुलखात गेली नाहीत, धो धो पावसाच्या मुलखात गेली. उन्हाळ्यात तहान, पावसाळ्यात भूक, आणि दिवाळीनंतर वीटभट्टी नाहीतर बोटीवर खलाशी. याला दुष्काळ म्हणायचं की नाही? सरकारी भाषेत पीक पन्नास पैशांच्या आत आलं की दुष्काळ, असा हिशोब असायचा. पण ज्याच्याकडे पीकच दोन पोत्यांचं, त्याची पैसेवारी किती धरायची?

मराठी साहित्याने ही पैसेवारी जशीच्या तशी उचलली आहे असं माझं म्हणणं आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. मी ती दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा शेवटाला गप्प झालो. पाऊस जातो, चारा जातो, धनगर मेंढरं घेऊन गाव सोडतात. लिहिणारा मोठाच आहे. पण तिथे दुष्काळ वरून येतो, आभाळातून, रोगासारखा. कुणी केला म्हणून विचारायची सोय नाही. आपल्या घरातलं एक जुनं पत्र याच्याशेजारी ठेवून बघा. सावित्रीबाईंनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं. गुरं पडताहेत, चारापाणी नाही, माणसं मुलूख सोडून चाललीत हे सगळं त्यात आहे, पण त्याच पत्रात सावकारही आहे. पाऊस नाही हे सांगताना त्या पावसावर थांबत नाहीत. पत्राला कुणी साहित्य म्हणत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणू नका. दुष्काळावर कसं लिहावं ते मी त्यातून शिकलो.

७२ चं माझ्या घरात सांगितलं जातं ते असंच. आजा तेव्हा विशीतला. खडी फोडायला जायचा. तांबडा मिलो आणि सुकडी खाल्ली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अशा दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. पन्नास लाख माणसं एकाच उन्हात एकच दगड फोडत होती, पण आजा सांगायचा, कामावर आमचा रांजण वेगळा. म्हणजे आभाळाने सगळ्यांना सारखंच मारलं होतं, रांजण मात्र आभाळाने वेगळा ठेवला नव्हता. त्या दुष्काळातून रोजगार हमी निघाली आणि तिच्या पैशासाठी १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. आजही माझ्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात. गिरणीत सगळे त्याला शिव्या देतात. मीही द्यायचो. आता आज्याची सुकडी आठवते आणि शिवी अर्धी राहते.

वणव्याकडे परत येतो.

मला वाटायचं, एवढा पाऊस पडतो तिथे रान कसं पेटेल? उलट आहे. पाऊस जास्त म्हणून गवत जास्त, गवत पुरुषभर वाढतं आणि दिवाळीनंतर सात महिने थेंब नाही. साग, ऐन पानं टाकतात. म्हणजे जूनपासून रान सरपण गोळा करतं आणि मार्चात ते तयार असतं. इथल्या गवताला इतिहास आहे. हेच गवत कापून मुंबईला जायचं. १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारली, गवतकापणीची मजुरी मागितली, तेव्हा १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड पडला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण सगळ्यांनी वाचलं आहे. वाचलं नसेल तर वाचा. बाहेरून आलेल्या बाईचं पुस्तक आहे, पण त्यात गवताला मालक असतो आणि दर असतो. माझ्या कवितेतल्या रानाला मालकही नव्हता, कापणाराही नव्हता.

वणवा लावतो कोण? फेकलेली बिडी. गुराखी, कोवळं गवत फुटावं म्हणून. कुणी मोहाखालचा पाचोळा जाळतो, फूल स्पष्ट दिसावं म्हणून, आणि ती आग हाताबाहेर जाते. हे मी लपवत नाही, सोबत्यानेही लपवलं नाही. पण वणवा दिसला की बोट एकाच दिशेला जातं, पाड्याकडे. आणि हे बोट कायद्यात घातलेलं आहे. १९२७ चा भारतीय वन कायदा बघा. कलम २६ : राखीव जंगलात आग लावणं गुन्हा, नेमल्या हंगामाशिवाय विस्तव घेऊन जाणंसुद्धा गुन्हा. इथवर समजू शकतो. पण त्याच कलमात पुढे आहे की मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने आग लागली तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकार तहकूब करू शकतं. एकाची बिडी, शिक्षा सगळ्या पाड्याला. आणि कलम ७९ : जंगलात ज्याचा काही हक्क आहे त्याने आग विझवायला गेलंच पाहिजे. म्हणजे आग लागली की संशय तुझ्यावर, विझवायला हिरवी डहाळी घेऊन धावायचं तू, आणि हक्क गेला तर तोही तुझाच.

आता ते साल पुन्हा वाचा. १९२७. २० मार्चला बाबासाहेब महाडच्या तळ्याचं पाणी प्याले. २१ सप्टेंबरला या वन कायद्यावर मंजुरीची सही झाली. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. मार्च आणि डिसेंबर आपल्याला पाठ आहेत. मधला सप्टेंबर आपल्या एकाही कवितेत नाही, कारण तो आपल्यावर आला नव्हता, डोंगरातल्या माणसावर आला होता.

महाडच्या त्या आगीबद्दल मला लिहायचं आहे, पण त्याआधी राब सांगायला हवा. त्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

मावशींच्या खाचराच्या कडेला एक तुकडा होता, साताठ हात रुंद. त्यावर शेण पसरलेलं, वर झाडांच्या छाटलेल्या टाळ्या, वर पाचोळा, गवत, आणि शेवटी मातीचा पातळ थर. हा राब. वारा पडलेला बघून तो पेटवायचा, भडकू द्यायचा नाही, धुमसत भाजायचा. तणाचं बी मरतं, माती मऊ होते, राख मिसळते. पहिल्या पावसाला त्यावर भात पेरायचं, रोप वाढलं की उपटून खाचरात लावायचं. सगळ्या कोकणात, ठाण्यापासून कुलाब्यापर्यंत भात असंच निघायचं, आणि इंग्रजांच्या वनखात्याला ते नको होतं. टाळ्या तोडल्या की जंगल मरतं, असं साहेबांचं म्हणणं. दोन्ही जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला, १८८७ ला त्याचा अहवाल आला, आणि राब हा त्यातला मोठा वाद. एका बाजूला खातं, दुसऱ्या बाजूला शेणाची पाटी घेतलेली बाई. आज उपग्रह आहे. जमिनीवर ऊन सोडून दुसरी उष्णता दिसली की डेहराडूनच्या वन सर्वेक्षणाकडून खाली निरोप येतो. २०१९ च्या त्यांच्या अहवालाप्रमाणे देशातलं ३६ टक्क्यांहून जास्त वनाच्छादन वारंवार आग लागण्याच्या धोक्यात आहे. धोका खरा आहे, मी त्याची टिंगल करत नाही. पण वरून बघताना लाल ठिपका तो ठिपकाच. तो राब की वणवा, भाजणारा कोण आणि पेटवणारा कोण, हे ठिपक्यावर लिहिलेलं नसतं.

आपली कविताही वरूनच बघते, हे माझं म्हणणं. तिला उष्णता दिसते, ठिपका दिसतो, टाळ्या पडतात.

महाडला काय झालं होतं? परिषदेच्या मंडपापुढे खड्डा खणला होता. जागा ठरलेली. जाळायचं काय ते ठरलेलं. आधी ठराव मांडला, वाचला, मंजूर केला, मग अग्नी दिला. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे, जातीने ब्राह्मण. त्या रात्री महाडात दुसरं काही पेटलं नाही. मित्रांनो, याला वणवा म्हणता येईल का? आपण म्हणत आलो. प्रत्येक २५ डिसेंबरला व्यासपीठावरून कुणीतरी म्हणतं, महाडचा वणवा. मी गंजाडला तो मातीखालचा राब बघितला आणि वाटलं, बाबासाहेबांची आग या जातीची होती. खणलेल्या जागेत, मोजून, वारा बघून, पेरायच्या आधी लावलेली. वणवा कुणीही लावू शकतो, झोपेतसुद्धा. राबाला आधी महिनाभर डोंगरातून पाठीवर ओझी आणावी लागतात. आणि मराठीत राब आणि राबणं कानाला एकच लागतात. हे व्याकरण मला ठाऊक नाही, कानाचं सांगतो.

सोबती मला पलीकडच्या कळंबीपाड्याकडेही घेऊन गेला. जिव्या सोमा मशे तिथले. २०११ साली पद्मश्री, २०१८ च्या मे महिन्यात गेले. लहानपणी आई गेली आणि हा मुलगा बोलायचा बंद झाला, धुळीत चित्रं काढून सांगायचा, असं सगळे सांगतात. लग्नाचा चौक भिंतीवर बायका लिहायच्या. मशेंनी ते रोजचं केलं, कागदावर आणलं. कागद कुणी दिला? भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार सत्तरीच्या सुरुवातीला वारली पाड्यांत आला, त्याने. हाच माणूस आधी हस्तकला मंडळातर्फे बिहारला गेला होता, १९६६-६७ च्या दुष्काळात, मधुबनीच्या बायकांना कागद देऊन दोन पैसे मिळवून द्यायला. वारली चित्राच्या कागदामागे असा एक दुष्काळ उभा आहे. हॉटेलच्या भिंतीवर तारपा नाच रंगवणाऱ्यांना हे सांगून बघा.

पांढरपेशा समीक्षकांचं या चित्राबद्दल एक ठरलेलं वाक्य असतं : निसर्गाशी एकरूप जीवन. मला त्या वाक्याचा राग येतो, पण माझ्या 'वणवा' कवितेत आणि त्या वाक्यात फरक काय? त्यांना रान शोभेला पाहिजे, मला जाळायला. चित्र नीट बघितलं तर दोनच गोष्टी आहेत, गेरूची किंवा शेणमातीची जमीन आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा. तो तांदूळ राबातून आलेला. रेषा उचलून बघा, खाली राख आहे. आणि माणूस कुठेही रिकाम्या हाताने उभा नाही. कुणाच्या डोक्यावर भारा, कुणाच्या हातात जाळं. मशेंचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र प्रसिद्ध आहे, सगळा कागद जाळ्याने भरलेला. नवा माणूस ज्वाळांतून चालत येताना मला कुठे दिसला नाही. काम करताना दिसला.

मावशींना चित्राचं नाही, पावसाचं बोलायचं होतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं तेव्हा राब भिजला. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. इथे लावणी होऊन रोप पाण्यात उभं राहायचे दिवस, आणि खाचराला भेगा. २०२५ ला मेमध्येच पाऊस सुरू झाला, २६ तारखेला मोसमी पाऊस मुंबईत. ज्यांचं भाजायचं राहिलं होतं त्यांचा राब कुजला, तणच तण झालं. त्या म्हणाल्या, आधी राब भाजायचा दिवस ठाऊक असायचा, आता रोज वर बघायचं. मोबाईलवर हवामानाचा इशारा येतो तो सोबती वाचून दाखवतो. त्यात पिवळा, नारिंगी, लाल रंग असतात. राब झाका किंवा भाजा, असं त्यात नसतं.

माझी कविता अजून वहीत आहे. नाव खोडलं. शेवटच्या पाच ओळीही खोडल्या, पहिल्या दहांतल्या चार राहिल्यात, त्यात मोहाची टोपली घालून बघितली तर ती शोभेला ठेवल्यासारखी वाटते. अजून जमत नाही. सोबत्याने पुढच्या आठवड्यात राब भाजायला बोलावलं आहे, पहाटे, वारा उठायच्या आत. माझी रात्रपाळी आहे. कुणी बदली मिळाला तर जाईन.